‘टॉक्सिक’मधली व्हायोलिनं

गेल्या डिसेंबरात डोंबिवलीतल्या एका हॉलवर एकविसाव्या वाढदिवसाचा साउंड माझ्याकडे होता. दाराशी मोठा फलक लावला होता, ‘विंटेज नाइट’. विंटेज म्हटल्यावर मी किशोरकुमार, आशाबाई, पंचम असा सगळा खजिना भरून नेला. केक कापायच्या आधी वाढदिवसाची मुलगी डेकपाशी आली आणि म्हणाली, “काका, ती गाणी नकोत. विंटेज म्हणजे ‘टॉक्सिक’, ‘सँडस्टॉर्म’, ‘वन मोअर टाइम’, पंजाबी एमसी... तुमच्याकडे आहे ना ते?”

आहे तर. त्यातलं एकेक गाणं ऐन भरात असताना मी वाजवलं आहे. ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ जानेवारी २००४ मध्ये आलं, तेव्हा ही मुलगी जन्मायची होती. तिच्या दृष्टीने ते गाणं विंटेजच. त्या रात्री मी ही सगळी गाणी एकामागून एक लावली आणि पुन्हा तोच विचार मनात आला, जो गेली वीस वर्षं येतो आहे. ज्यांना जग ‘दोन हजारच्या दशकातली डान्स हिट’ म्हणून ओळखतं, त्यातल्या कितीतरी गाण्यांच्या पोटात आणखी जुनी गाणी आहेत. आणि त्यातली काही मुंबईत तयार झाली आहेत.

माझ्या मामाचा साउंडचा धंदा होता. २००१ साली, एकोणिसाव्या वर्षी, मी त्याच्याकडे केबल गुंडाळायला लागलो. टेम्पोत टॉप आणि बेस चढवायचे, हळदीच्या मांडवात उतरवायचे, ॲम्प्लिफायर तापला की पंखा लावायचा. वर्षभरात डेकवर हात बसला. आमच्याकडे दोन सीडी प्लेअर आणि मधे मिक्सर होता. एका प्लेअरवर गाणं वाजत असताना दुसऱ्यावर पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून त्याचा ठोका पहिल्याच्या ठोक्याला जुळवायचा. आता कॉम्प्युटर एका बटणात जे करतो ते तेव्हा कानाने करावं लागे. एका मिनिटात किती ठोके पडतात त्याला बीपीएम म्हणतात. ‘वन मोअर टाइम’ १२३ वर चालतं, कायली मिनोगचं ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’ १२६ वर, ‘सँडस्टॉर्म’ १३६ वर आणि ‘टॉक्सिक’ तर १४३ वर. प्रत्येक सीडीच्या कव्हरवर मी पेन्सिलीने हे आकडे लिहून ठेवायचो. सीडी कुठून आणायची हाही प्रश्नच असायचा. काळ्या घोड्याच्या ‘ऱ्हिदम हाउस’मध्ये तासन् तास हेडफोन लावून ऐकायचं आणि महिन्यातून एखादी विकत घ्यायची. ते दुकान २०१६ साली बंद झालं. त्याच्या बंद शटरसमोरून जाताना मला आजही वाईट वाटतं.

२००२ सालची एक दुपार आहे. घरात मी नवी सीडी लावून बसलो होतो. ट्रूथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’. जड बेस, टाळ्यांसारखा ठोका आणि मागे एक बाई हिंदीत गाते आहे. आई स्वयंपाकघरातून कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

“अरे, ही तर लता!”

मी म्हटलं, “आई, हे अमेरिकेचं गाणं आहे.”

“असू दे अमेरिकेचं. गातेय लता. ‘ज्योती’ पिक्चरमधलं आहे हे.” आणि तिने पुढची ओळ तिथेच उभ्या उभ्या गुणगुणून दाखवली.

तिचं सगळं बरोबर होतं. १९८१ च्या ‘ज्योती’मधलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत बप्पी लाहिरींचं. लताबाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. हे गाणं त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या कुठल्या यादीत तोवर दिसत नव्हतं. वीस वर्षांनी डीजे क्विक या लॉस एंजलिसच्या निर्मात्याने तो आवाज उचलला, त्याखाली आपला ठोका घातला आणि डॉक्टर ड्रेच्या कंपनीने गाणं बाजारात आणलं. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ते नवव्या क्रमांकापर्यंत चढलं. ट्रूथ हर्ट्सचं नाव सीडीवर होतं, रकीम या रॅपरचं नाव होतं. माझ्या आईने दोन सेकंदांत ओळखलेल्या बाईचं नाव मात्र नव्हतं. आईने कव्हर उलटसुलट करून पाहिलं, डोळ्यांजवळ धरलं आणि माझ्या हातात परत दिलं. तिला राग आला होता आणि तो मला तेव्हा नीट कळला नव्हता.

इथे थोडं कारागिरीबद्दल सांगायला हवं, कारण नाचणाऱ्या दहा माणसांतल्या नऊ जणांना सगळं ‘रिमिक्स’च वाटतं. सॅम्पल म्हणजे आधी छापलेल्या ध्वनिमुद्रणातून कापून घेतलेला खरा तुकडा. लताबाईंचा श्वास, स्टुडिओतला तो दिवस, त्या दिवशी लावलेला माइक, सगळं त्या तुकड्यात असतं. सॅम्पलर नावाच्या यंत्रात तो भरायचा, मग पियानोच्या पट्टीसारखा हव्या त्या सुरात, हव्या त्या वेगात, हव्या तितक्या वेळा वाजवायचा. तुकड्याचं शेपूट त्याच्याच तोंडाला जोडलं की त्याचा लूप होतो. चार सेकंदांचं संगीत चार मिनिटं फिरत राहतं आणि पाय त्याला धरून राहतात. हे सोपं काम नाही. कुठे कापायचं आणि कुठे जोडायचं, यासाठी फार चांगला कान लागतो. डीजे क्विकचा कान तसा होता, हे मी मनापासून मानतो. त्या गाण्यातून नेमका हाच तुकडा निवडणं येरागबाळ्याचं काम नाही.

पण तुकडा ज्याचा, त्याला विचारायला हवं होतं. बप्पी लाहिरी लॉस एंजलिसच्या न्यायालयात गेले. २००३ च्या सुरुवातीला न्यायाधीशांनी आदेश दिला, की बप्पींचं नाव छापल्याशिवाय हे गाणं असलेल्या अल्बमची पुढे विक्री करायची नाही. हे मी वर्तमानपत्रात वाचलं आणि कात्रण आईला नेऊन दिलं. ती म्हणाली, “आणि लताचं?”

आपल्याकडे तेव्हा जे रिमिक्स निघत होते त्यांचा मार्ग वेगळा होता. २००२ साली ‘कांटा लगा’ आलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं एकही हळद, एकही गॅदरिंग त्याच्याशिवाय झालं नाही. मूळ गाणं १९७२ च्या ‘समाधी’तलं, पंचमदांचं, तेही लताबाईंनीच गायलेलं. ‘ॲडिक्टिव्ह’ची जगभर चर्चा झाल्यावर ‘थोडा रेशम’सुद्धा ‘कलियों का चमन’ होऊन परत मायदेशी आलं, नव्या गायिकेच्या आवाजात. ही लाट आली ती कायद्यातल्या एका कलमामुळे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘व्हर्जन रेकॉर्डिंग’ची सोय होती. मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षं झाली, की हक्कदाराला सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून तेच गाणं नव्या आवाजात मुद्रित करता येई. म्हणजे ज्या कंपनीकडे जुन्या ध्वनिफिती नव्हत्या तीही जुन्या चालीवर नवा ठोका चढवून बाजारात उतरू शके. ‘समाधी’तली लताबाईंची ध्वनिफीत कापायची गरजच नाही, चाल नव्याने गाऊन घेतली की झालं. २०१२ च्या दुरुस्तीत दोनाची पाच वर्षं झाली आणि चालीत-शब्दांत मनमानी बदलांना असलेली मनाई आणखी कडक झाली. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा आणि गायकांचा हक्क कायद्यात पक्का केला.

लताबाईंनी रिमिक्सबद्दलची नाराजी उघडपणे बोलून दाखवली होती. त्या नाराजीला मोठा इतिहास होता. गायकाला रॉयल्टी मिळायला हवी, म्हणून साठीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या उभ्या राहिल्या आणि त्यापायी रफीसाहेबांशी अबोला झाला. काही वर्षं दोघं एकत्र गायलेसुद्धा नाहीत. ज्या बाईने आपल्या आवाजाच्या हक्कासाठी इतकी किंमत मोजली, तिचा आवाज चाळीस वर्षांनी परक्या देशात नाव न घालता विकला जावा, हे मला आजही सोसत नाही. मी ती गाणी वाजवली, त्यावर पोट भरलं, तरीही सोसत नाही.

आता ‘टॉक्सिक’कडे येतो.

मे २००४. मालाडच्या ऑर्लेम भागात एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबाचं रिसेप्शन. नवरा-नवरीचा पहिला नाच झाला, सगळी मंडळी नाचून झाली आणि पोरांसाठी मी ‘टॉक्सिक’ लावलं. ते गाणं ज्याने एकदा ऐकलं आहे त्याला सुरुवातीची ती उंच, धारदार व्हायोलिनं विसरता येत नाहीत. वरून खाली घसरत येणारी, पाल चुकचुकावी तशी अंगावर शहारा आणणारी. गाण्याचा सगळा जीव तिथे आहे. गाणं संपतं न संपतं तोच करड्या सुटातले एक म्हातारे गृहस्थ हळूहळू चालत डेकपाशी आले.

“पुता, ते परत लाव.”

मी म्हटलं, “अंकल, पोरं दुसरं मागतायत, थोड्या वेळाने लावतो.”

“पूर्ण नको. फक्त सुरुवात. आणि जरा हळू कर.”

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि दुसऱ्या प्लेअरवर वेगाची पट्टी खाली ओढली. त्या साध्या प्लेअरवर वेग कमी केला की सूरही खाली उतरायचा. अंकल डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा उजवा हात हवेत गज ओढत होता.

“हे मशीनचं नाही,” ते म्हणाले. “ही माणसं आहेत. वीस माणसं एकत्र गज ओढतात ना, तेव्हा एकाचा गज केसभर आधी पडतो, एकाचा केसभर नंतर. म्हणून आवाज असा जाड होतो. मशीनला हे येत नाही.” आणि मग थोडं थांबून म्हणाले, “ही आमची माणसं आहेत.”

त्यांनी मग दोन बोटांनी टेबलावर ठेका धरत एक चाल गुणगुणली. ‘एक दूजे के लिए’मधलं ‘तेरे मेरे बीच में’. घरी पोहोचल्यावर रात्री दोन वाजता मी ती कॅसेट शोधली. आणि खरोखरच तिथे ती व्हायोलिनं होती. १९८१, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आवाज लताबाईंचा आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. बालसुब्रह्मण्यम यांना या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. स्टॉकहोमच्या ‘ब्लडशाय अँड अव्हान्त’ या निर्मात्यांच्या जोडीने त्यातल्या व्हायोलिनच्या ओळींचे तुकडे कापले, पुन्हा जोडले, नाचाच्या वेगाला आणले आणि त्यावर ब्रिटनीचं गाणं बांधलं. २००५ साली ‘टॉक्सिक’ला सर्वोत्तम डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं. ब्रिटनीचं ते एकमेव ग्रॅमी. लक्ष्मीकांतजी १९९८ मध्येच गेले होते.

ते अंकल निवृत्त व्हायोलिनवादक होते. पुढे मी त्यांच्याकडे चारपाच वेळा गेलो. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत ते सूर शिकले, तेही कागदावर लिहिलेले. पोर्तुगीज काळापासून त्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. मुंबईच्या सिनेमासंगीतावर या एका गोष्टीचा केवढा उपकार आहे! संगीतकाराने चाल हार्मोनियमवर गाऊन दाखवायची, संयोजकाने ती पन्नास वाद्यांसाठी कागदावर लिहायची आणि गोव्याच्या पोरांनी ती पहिल्याच वाचनात वाजवायची. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात चिक चॉकलेट यांची ट्रम्पेट होती. आणि प्यारेलालजींनी व्हायोलिनचे धडे घेतले ते मडगावजवळच्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात अमिताभ ज्याचं नाव घेतो ते हेच गुरू, हे शिष्याने केलेलं स्मरण आहे. शंभर शंभर वादकांचा ताफा उभा करायचा आणि त्यातून रेशमासारखी व्हायोलिनं काढायची, ही प्यारेलालजींची विद्या त्या घराण्यातून आली. स्टॉकहोमच्या स्टुडिओत जे कापलं गेलं ते या विद्येचं कापड होतं.

अंकलना दिवसाच्या शिफ्टचे पैसे मिळत. लाल दिवा लागला की वाजवायचं, विझला की पुढचं गाणं. कॅसेटच्या कव्हरवर वादकांची नावं छापायची पद्धत नव्हती.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. डाफ्ट पंकचं ‘वन मोअर टाइम’ २००० च्या नोव्हेंबरात आलं आणि त्याच्या ब्रासच्या त्या एका लकेरीवर सगळं जग नाचलं. ती लकेर १९७९ च्या ‘मोअर स्पेल ऑन यू’मधली, एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या गाण्यातली. २०२१ मध्ये एका अमेरिकन वर्तमानपत्राने त्यांना लॉस एंजलिसमध्ये शोधून काढलं. कित्येक वर्षं त्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं आणि त्या गाण्याचा पैसाही त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. हे वाचल्यापासून ते गाणं लावताना मला त्या माणसाची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

पंजाबी एमसीच्या ‘मुंडियां तो बच के’ची कथा जरा निराळी आहे आणि मला ती फार प्रिय आहे. इंग्लंडच्या कोव्हेंट्रीतल्या या मुलाने १९९८ साली ते बनवलं. बेस उचलला ‘नाइट रायडर’ या अमेरिकन मालिकेच्या संगीतावरून, वर एका तारेची तुंबी आणि त्यावर लाभ जंजुआंचा रांगडा, मोकळा गळा. चार वर्षं ते लग्नाच्या मांडवांतून आणि भांगड्याच्या कॅसेटींतून फिरत राहिलं. २००२ मध्ये जर्मनीत पेटलं, जानेवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या पाचांत गेलं आणि मग जे झीने त्यावर रॅप केलं. वेग ९८ चा, आपल्या हळदीच्या नाचाला अगदी जमणारा. आगरी हळदीत ते लागलं की बायका खुर्च्या बाजूला सारून उभ्या राहायच्या, आणि पंजाबी शब्द एकीलाही कळत नसत. तो आवाज पुढे मुंबईत आला. ‘क्वीन’मधलं ‘लंडन ठुमकदा’ लाभ जंजुआंनीच गायलं. २०१५ मध्ये गोरेगावच्या घरी ते वारले. बातमी अगदी छोटी होती. त्या आठवड्यात भिवंडीच्या एका हळदीत मी हे गाणं लावलं आणि माइकवर त्यांचं नाव सांगितलं. कोणी फारसं ऐकलं नसावं. पण तेव्हापासून मी नाव सांगायला लागलो.

नावं छापता येतात, हेही त्याच काळात दिसलं होतं. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीजचं ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ आलं. त्यात आशाबाईंची दोन गाणी आहेत, १९७२ च्या ‘अपराध’मधलं आणि १९७८ च्या ‘डॉन’मधलं ‘ये मेरा दिल’. गीत-संगीताच्या श्रेयात अमेरिकन मंडळींच्या बरोबरीने कल्याणजी-आनंदजी आणि इंदीवर यांची नावं आली. मी ती सीडी मुद्दाम विकत घेतली आणि आईला आतली पुस्तिका दाखवली. तिने चष्मा लावून ती नावं दोनदा वाचली.

फेब्रुवारी २०२२ मध्ये लताबाई गेल्या आणि नऊ दिवसांनी बप्पी लाहिरी. त्या महिन्यात माझ्याकडे एक साखरपुडा होता. मी ‘ॲडिक्टिव्ह’ लावलं, त्याच्या शेवटावर ‘थोडा रेशम’ची मूळ ध्वनिफीत जोडली. ठोका नीट जुळायला मला दोन रात्री सराव करावा लागला, कारण १९८१ चा तबला माणसाने वाजवलेला आहे, तो श्वास घेतो, जागच्या जागी थोडा पुढेमागे सरकतो. यंत्राचा ठोका तसा सरकत नाही. शेवटी मी यंत्राचा ठोका हळूहळू बंद करून लताबाईंना एकटं सोडलं.

डोंबिवलीच्या त्या वाढदिवसाला मी ‘टॉक्सिक’ नंतर हेच केलं. माइक हातात घेतला, सांगितलं की ही व्हायोलिनं मुंबईची आहेत, सिनेमाचं नाव सांगितलं, संगीतकारांची नावं सांगितली आणि ‘तेरे मेरे बीच में’ लावलं. पोरं थांबली. काही जण पाणी प्यायला गेले. चारपाच जण मात्र डेकभोवती गोळा झाले आणि त्या ओळीची वाट बघत उभे राहिले. ती आली तशी वाढदिवसाच्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

“काका, पण हे वाजवलंय कोणी?”

ब्रिटनीच्या त्या सीडीची डबी अजून माझ्या पेटीत असते. तिच्यात ऑर्लेमच्या त्या लग्नाच्या पत्रिकेचा एक चतकोर तुकडा घडी करून ठेवलेला आहे. त्या काळी आपल्याबरोबर व्हायोलिनच्या रांगेत बसणाऱ्यांची नावं अंकलनी मला त्यावर लिहून दिली होती, निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात. अकरा नावं आहेत. बाराव्या ओळीवर त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं आणि खोडलं. मी ते नंतर पेन्सिलीने पुन्हा लिहिलं.

दहा वाजत आले होते. हॉलच्या माणसाने लांबूनच मला हाताने खूण केली. मी बेस उतरवला, आवाज खाली आणला. मुलीने मोबाइलचा टॉर्च लावला आणि मैत्रिणींना ऐकू जाईल अशा आवाजात तो कागद वाचायला सुरुवात केली. गोव्याकडची आडनावं तिला नीट उच्चारता येत नव्हती. पहिल्या नावापाशी ती अडखळली, मी ते सावकाश म्हणून दाखवलं आणि ती दुसऱ्याकडे वळली.